बेड नंबर तीन आणि चार

सिस्टरचे हात शिवशिवायला लागले की घरातल्यांनी आपापल्या वस्तू सांभाळायच्या, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे तरी कोण, एक मुलगा आणि एक सून. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे तो सुटायचा आणि सून सापडायची. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. मोठ्या हॉस्पिटलातला वॉर्ड त्यांनी सांभाळला होता. चादरीला सुरकुती दिसली तर तिथे डॉक्टरांचीही खैर नसायची.

अशा बाईंच्या दिवाणखान्यात सुनेने माशांचा टँक आणून ठेवला होता. साधासुधा नव्हे, भिंतभर. आत बारीक वाळू, तिच्यात रुजलेली खरीखुरी झाडं, रुंद पानांची, हिरवीगार. मधोमध एक आडवंतिडवं लाकडाचं खोड. आणि त्या झाडांमधून सावकाश फिरणारे सहा डिस्कस मासे, बशीसारखे गोल आणि बशीसारखेच चपटे. दिसायला राजबिंडे, पण प्रकृतीने अगदी तोळामासा. पाणी थोडं गार झालं की रुसले, दार आपटलं की दचकले. त्यांचं खाणं फ्रीजरमध्ये असायचं, बर्फात गोठवलेल्या लाल अळ्या. सिस्टरनी तो डबा पहिल्यांदा उघडला त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या.

तरी त्यांनी टँक चालवून घेतला होता. घोडं पेंड खायचं ते स्वच्छतेपाशी. सुनेने खिडकीतल्या एका पसरट ट्रेमध्ये दगडावर हिरवं शेवाळ वाढवायला घेतलं होतं. टँकमध्ये लावायचं म्हणून दोऱ्याने बांधून, रोज पाणी शिंपडून, कितीतरी महिने जपलं होतं. सिस्टरना तिथे दिसला एक शेवाळलेला दगड. त्यांनी तो ब्रशने घासला, फिनाईलने धुतला आणि चकचकीत करून परत ट्रेमध्ये ठेवला. वर सुनेला कौतुकाने दाखवलाही.

सून भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी टँकच्या काचेवर चिठ्ठी चिकटवलेली होती, 'कृपया हात लावू नये'. ज्या बाईने जन्मभर इतरांसाठी असल्या पाट्या लावल्या, तिच्याच घरात तिच्यासाठी पाटी! सिस्टरना ते 'कृपया' फार लागलं. घरच्या माणसाला कोणी कृपया म्हणतं का?

त्यानंतर दोघी नीट वागायच्या, नीट बोलायच्या, आणि त्या नीटपणाचाच सिस्टरना वैताग यायचा.

मग विहीणबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. सुनेला तातडीने आईकडे जावं लागलं. एरवी ती बाहेर गेली की तिची एक मैत्रीण येऊन मासे बघून जायची, पण ती नेमकी गावाला गेलेली. सून बॅग घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. टँकपाशी उभी राहून तिने नखाने ती चिठ्ठी सोलून काढली.

"आई, तुमच्यावर सोपवून जातेय," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ थोडं खायला घाला. हीटरचा लाल दिवा बघत जा. आत हात मात्र घालू नका. काहीही वेगळं दिसलं तर आधी मला फोन करा."

"तू निर्धास्त जा गं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा ऊर असा भरून आला होता की वॉर्डाच्या किल्ल्या पहिल्यांदा हातात आल्या तेव्हाही इतका आला नसेल.

सुरुवातीला सगळं सुतासारखं सरळ चाललं. सिस्टरनी माशांना बेड नंबर दिले, कारण त्यांची खरी नावं लांबलचक आणि परकी होती. बेड नंबर एक खादाड. दोन भित्रा. तीन लालसर आणि चार निळसर, ही दोघं कायम एकमेकांच्या आसपास. पाच आणि सहा म्हणजे नुसती टगेगिरी. सकाळी चहाचा कप घेऊन त्या राउंड घ्यायच्या, कोणी खाल्लं, कोण गप्प आहे ते बघायच्या. बाईंना पुन्हा पेशंट मिळाले होते. त्या खूश होत्या.

पण तळाशी घाण साठत होती. सिस्टर तिच्याकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. पुन्हा बघायच्या. शेवटी एका सकाळी त्यांचा धीर सुटला. हात घालायचा नाही ना, मग नळीने करते, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. बादल्या भरून दिवसभर उघड्या ठेवल्या, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन उडून जाईल. तेवढं त्यांना कळत होतं. मग टँकमधलं निम्म्याच्या आसपास पाणी नळीने खेचून काढलं, घाणही ओढून घेतली, आणि ताजं पाणी ओतलं. ते कोमट करायचं मात्र राहून गेलं. काच अशी लखलखली की मासे हवेत तरंगत आहेत असं वाटावं. सिस्टर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि स्वतःवरच खूश झाल्या.

ती खुशी फार टिकली नाही. बेड नंबर तीन आणि चार दुसऱ्याच दिवशी खोडामागच्या कोपऱ्यात जाऊन राहिले. खायला येईनात. दुसरा कोणी जवळ फिरकला की त्याच्या अंगावर धावून जायचे आणि परत कोपरा गाठायचे. अंगाचे रंग उतरून दोघं काळवंडत चालले. भिंतीकडे तोंड करून पडलेला पेशंट सिस्टरनी आयुष्यात खूप पाहिला होता, आणि तो प्रकार त्यांना कधीच आवडला नव्हता.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण गार पाणी घातलं. सांगूनसवरून नको म्हटलेलं केलं. पोरीने विश्वासाने चिठ्ठी काढली आणि आपण तिचे मासे मारतोय.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. त्याच दिवशी विहीणबाईंचं ऑपरेशन झालं होतं, पोरीचा आवाज दमलेला होता.

"मासे कसे आहेत, आई?"

"मजेत आहेत," सिस्टर म्हणाल्या. आज तिला कुठे हे सांगायचं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. ते खरंही होतं. पण उद्या सांगू, परवा सांगू असं करत त्यांनी पुढेही सांगितलं नाही, तेव्हा मात्र ती निव्वळ भीती होती. दगडाच्या वेळेस पोर "बरं" म्हणाली होती. ते "बरं" त्यांना पुन्हा ऐकायचं नव्हतं.

मग हातावर हात धरून बसायचं? ते बाईंच्या रक्तातच नव्हतं. आजार काय ते कळत नसेल तर आधी पेशंट वेगळा करायचा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. कपाटामागे डासांच्या जाळीचा उरलेला तुकडा होता. सिस्टरनी तो पाण्यात चांगला उकळला, दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर ताणून शिवला, आणि बाह्या वर करून टँकमध्ये असा उभा बसवला की खोडामागचा कोपरा बाकी टँकपासून तुटला. अलीकडे चौघं, पलीकडे तीन आणि चार. आयसोलेशन. हात घालू नका, हा नियमही त्यात मोडला.

पलीकडचे दोघं तसेच राहिले. एका रुंद पानासमोर तोंड करून आळीपाळीने पर हलवत बसायचे. खोड आडवं येत असल्याने ते पान बाहेरून दिसत नव्हतं. सिस्टर खुर्ची ओढून समोर बसायच्या आणि डोळ्यांत तेल घालून बघायच्या.

आठवडा असा गेला आणि एका दुपारी त्यांना ठिपके दिसले.

बेड नंबर तीन कोपऱ्यातून जरा पुढे आला होता. त्याच्या काळवंडलेल्या अंगावर बारीक पांढुरके ठिपके. एक नाही, दोन नाही, अंगभर पुरळ उठावं तसे. सिस्टरनी माशांच्या दुकानात फोन लावला. दुकानदार घाईत होता. "पांढरे ठिपके ना? नेहमीचा रोग आहे. औषध पाठवून देतो, झाकणभर टाका, जंतू म्हणून शिल्लक राहणार नाही," तो म्हणाला आणि थोड्याच वेळात निळ्या औषधाची बाटली दारात हजर झाली.

सिस्टरनी बाटली हलवली. झाकण भरलं. टँकवरचं झाकण उचललं. आणि जन्मभराच्या सवयीने औषध देण्याआधी पेशंटकडे एकदा नीट बघून घेतलं.

बेड नंबर तीनचं अंग स्वच्छ होतं. एक ठिपका नाही. ठिपके सगळे बेड नंबर चारच्या अंगावर होते.

सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. पुरळ एका पेशंटचं दुसऱ्याला लागतं, हे मान्य. पण पहिल्याचं पूर्ण जाऊन दुसऱ्याला लागतं, तेही औषध दारात येईपर्यंत, असा रोग काही त्यांच्या वॉर्डात कधी आला नव्हता. त्यांनी झाकणातलं औषध बाटलीत परत ओतलं, बूच घट्ट लावलं आणि टॉर्च आणला. नाक काचेला लावलं.

ठिपक्यांना शेपट्या होत्या. ठिपक्यांना डोळे होते.

चार नंबरने अंगाला हलकासा झटका दिला आणि तो सगळा पुंजका पाण्यात विखुरला. क्षणभर गोंधळ, मग एकेक करून सगळे तीन नंबरच्या अंगाला जाऊन चिकटले आणि टिपून टिपून काही खायला लागले. चार नंबर जरा बाजूला जाऊन सैल तरंगत राहिली, ड्यूटी संपलेल्या नर्ससारखी.

"अगं बाई," सिस्टर म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. हसू येत होतं आणि चष्मा ओला होत होता. आजारी नव्हते मेले! लेकुरवाळे होते!

त्यांनी सुनेला फोन लावला, चित्र दिसेल असा. ती आईच्या खाटेशी बसली होती. सासूचे डोळे बघून तिचा चेहराच उतरला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. आधी माझं ऐकून घे, मग दाखवते." सिस्टरनी एका दमात सगळं ओकून टाकलं. घाण, नळी, गार पाणी, जाळी, रोज मारलेल्या थापा, निळी बाटली. काही शिल्लक ठेवलं नाही. मग फोन काचेसमोर धरला.

पोर आता "बरं" म्हणणार, सिस्टरना वाटलं.

"आई," सून म्हणाली, "अंगाला चिकटलेत ना ते? अंगावरचा चिकट थर खाताहेत? तेच त्यांचं दूध."

"टिपून टिपून खाताहेत. आणि ही दोघं ड्यूटी बदलतात."

सून रडायला लागली. तिच्या मागून विहीणबाई विचारत होत्या काय झालं म्हणून, तर तिला सांगताही येईना. मग एकदाची म्हणाली, "दर वेळेला अंडी घालतात आणि बाकीचे खाऊन टाकतात. एकदाही पिल्लं इथवर आली नाहीत. गार पाणी घातलं की कधीकधी जोडी अंडी घालते, हे मला माहीत होतं. पण ही दोघं दगावतील म्हणून मला कधी धीरच झाला नाही. आणि जाळी... जाळी लावायचं मला का नाही सुचलं?"

"तू नर्स नाहीस म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "पण मी काही ते समजून केलं नव्हतं. मी रोगी वेगळे केले होते."

सून रडता रडता हसली. आणि ते हसणं नीट वागणाऱ्या सुनेचं नव्हतं, चांगलं मोठ्याने, नाक ओढत होतं.

"मी उद्याच निघते," ती म्हणाली. "आता पुढचे दिवस नाजूक असतात. इथे कोणीतरी बाई लावते आईजवळ."

"अजिबात निघायचं नाही," सिस्टरचा वॉर्डातला आवाज लागला. "तिथे तुझी आई उताणी पडली आहे, तिला तुझी गरज आहे. इथली ड्यूटी माझी." मग आवाज जरा खाली आला. "म्हणजे, तुझी हरकत नसेल तर."

सुनेने आईकडे बघितलं, मग फोनकडे.

"बरं," ती म्हणाली. "मग मी राहते इथे. तुम्ही आहात ना तिथे."

तेच "बरं" होतं, पण सिस्टरना ते ऐकून एकदम हलकं वाटलं. त्यांनी ड्यूटी घेताना विचारतात तसं विचारलं, "ऑर्डर काय आहे?"

"काही करायचं नाही, आई. पाणी नाही, औषध नाही, साफसफाई नाही. त्यांना खायला घाला आणि नुसतं बघत बसा. जमेल?"

"न जमायला काय झालं," सिस्टर म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी खुर्ची टँकजवळ ओढली. बेड नंबर तीनची ड्यूटी संपत आली होती, तो झटका द्यायच्या बेतात होता. काचेच्या आतल्या बाजूला, अगदी डोळ्यांसमोर, शेवाळाचा एक हिरवा डाग धरला होता. चांगला नखाएवढा. सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर त्या बसून राहिल्या.