तळघरातलं आर्डिसचं पान

इंटरनेटवरचं आर्डिसचं पान बंद पडलंय हे मला नऊ मार्चला कळलं. मी तेव्हा मुलीकडे, ॲरिझोनात होतो. आमचं घर ज्या तळ्याकाठी आहे, तिथून लायलचा फोन आला. तो आमचा शेजारी, घराची किल्ली त्याच्याकडेच असते.

"हार्लन, अरे, आर्डिसचं पान उघडत नाहीये. बर्फ कधी फुटणार त्याचे अंदाज कुठे टाकायचे, म्हणून लोक माझं डोकं खातायत."

आर्डिस माझी बायको. ऑगस्टमध्ये गेली. तळ्यावरचा बर्फ कुठल्या वर्षी कुठल्या दिवशी फुटला, याची सव्वीस वर्षांची नोंद तिने त्या वेबपेजवर ठेवली होती, फोटोंसकट. यंदा कधी फुटेल याचा अंदाजही लोक दर वर्षी तिथेच टाकायचे. पान आमच्या तळघरातल्या कॉम्प्युटरवरूनच चालायचं. तो सुरू असेल तरच लोकांना दिसायचं.

चूक माझीच होती. जानेवारीत निघताना, पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून मी ते काढून टाकलं आणि मेन स्विच पाडला. आमच्याकडे हिवाळ्यात घर बंद करणारा प्रत्येक जण हेच करतो.

पानापेक्षा मला आतल्या फायलींची धास्ती वाटली. दोन महिने गोठलेल्या घरात पडलेला कॉम्प्युटर सुरू होईल का?

लायल फोन कानाला लावून तळघरात उतरला.

"मेन चढवला. तुझ्या घरात तळ्यापेक्षा जास्त गारठा आहे रे."

"हीटर लाव. दोन तासांनी कॉम्प्युटरचं बटण दाब."

"दोन तास? मी काय इथे अंडी उबवू?"

पण थांबला. कॉम्प्युटर सुरू झाला. पान मात्र उघडेना.

"बाबा, वीज बंद होती ना, इंटरनेट कंपनीने घराला नवा आकडा दिलाय, म्हणजे नेटवरचा पत्ताच बदललाय," माझी मुलगी मार्नी म्हणाली. "आईच्या पानाचं नाव अजून जुन्याच आकड्याकडे जातंय."

लायलने पडद्यावरचा नवा आकडा वाचून दाखवला. मार्नीने तो नावाला जोडला आणि पान उघडलं. मग आईचा पासवर्ड घालून ती इथूनच त्या कॉम्प्युटरमध्ये शिरली. फायली सगळ्या जागेवर होत्या. एकीत आर्डिसने लिहिलं होतं : 'हार्लनने यंदाही अठरा एप्रिलच सांगितलं. एकदाही बरोबर आलेलं नाही.'

मार्नी हसली, मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत चौदा अंदाज आले. मी अठरा एप्रिल टाकला.

"म्हाताऱ्या, सुधारणार नाहीस तू," लायल फोनवर म्हणाला. "बरं, हे सगळं त्या एकाच डब्यात आहे? दुसरी प्रत?"

"नाही."

"मग काढ ना!"

फायली इकडे कशा ओढून घ्यायच्या ते मार्नीने मला दोनदा दाखवलं. मी कागदावर लिहूनही घेतलं. पण फायली उघडल्या की मी फोटो बघत बसतो. दुसरी प्रत अजून काढलेली नाही.