चावी प्रमिलाबाईंच्या खिळ्याला

भेस्तानच्या त्या चाळीत खोल्या अकरा, कुलपं अकरा आणि चाव्या टांगायची भिंत मात्र एकच, प्रमिलाबाईंची. घरटी चावीही एकच. कुणी दिवसपाळीला, कुणी रातपाळीला, कुणी शाळेत. जो येईल त्याने बाईंच्या खिळ्यावरून चावी काढायची, दार उघडायचं आणि चहाचं आधण ठेवायच्या आधी चावी परत खिळ्याला लावायची. विसरलात की मेलात. मागून येणाऱ्याचा खोळंबा झाला, की बाई असं तोंड सोडायच्या की पार गल्लीच्या टोकाला कळायचं आज कोण विसरलं ते.

जयश्री याच शिस्तीत वाढली. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या लोटूची ही थोरली, वय वर्षं वीस. घरात आई-बापाशी भांडून तिने उधन्याचा कॉम्प्युटर क्लास लावला होता. आता अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात क्लासच्या हसमुखसरांना लहान मुलांच्या बॅचसाठी शिकवणारं माणूस हवं होतं, आणि जयश्रीला ती जागा हवी होती. हवी म्हणजे अगदी जिवापाड हवी. कारण नाही मिळाली, तर सोमवारपासून तिने पलीकडच्या सचिन गावी साड्यांच्या घडीकामाला जायचं, हे लोटूने परस्पर ठरवून टाकलं होतं. माणूस वाईट नव्हता तो. कॉम्प्युटरच्या काचेत बघत बसण्याला काम म्हणतात हे त्याला पटत नव्हतं, एवढंच.

सरांची अट मात्र भलतीच होती. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर खेळ बनवायचं सॉफ्टवेअर होतं, अगदी नवशिक्यांसाठी. प्रोग्राम लिहायची भानगड नाही. पडद्यावरच्या चौकटींत भिंती, माणसं, पेट्या मांडायच्या आणि यादीतून ‘जर असं, तर तसं’ निवडत जायचं. चावीशिवाय न उघडणारं दार असलेला खेळ करा, म्हणाले, आणि शनिवारी असा माणूस घेऊन या ज्याने जन्मात माउसला हात लावला नाही. त्याने खेळ पुरा केला, तर जागा तुमची. लहान मुलांना शिकवायचं तर नवख्या माणसाच्या डोक्याने विचार करता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तसं चुकीचं नव्हतं.

राजवाडे आणि राक्षस काही जयश्रीला सुचेनात. मग तिने सरळ चाळच मांडली. नळाला पाणी आलंय आणि हंडा कुलूपबंद खोलीत आहे. शेजारणीच्या खिळ्यावरून चावी मिळवायची, दार उघडायचं, हंडा घ्यायचा आणि पाणी जायच्या आत नळावर पोचायचं. दाराला तिने नेमून दिलं: पिशवीत चावी असेल तर उघड, नसेल तर ‘कुलूप आहे’ अशी पाटी दाखव. माणूस आत गेला की आपोआप बंद हो. आणि हो, दार उघडलं की पिशवीतली चावी काढून शेजारणीच्या खिळ्याला लाव. ही शेवटची ओळ टाकताना तिला विचारसुद्धा करावा लागला नाही. पहिल्यांदा दार खटकन उघडलं तेव्हा पोरगी इतकी हरखली की पुढचं तपासायचं राहूनच गेलं.

शनिवारी तिच्याबरोबर खुद्द प्रमिलाबाई आल्या. जागेसाठी दुसरा उमेदवार ललित. त्याने आणलेले मामा त्याच्या खेळातल्या पहिल्याच राक्षसापाशी हात टेकून घरी गेले होते. बाईंनी पदराला हात पुसला, माउस धरला आणि पडद्यावरच्या माणसाला थेट शेजारणीच्या दाराशी नेलं.

“बेन, पहिले पेटी नथी जोवी?” पडद्यावरच्या पेटीकडे बोट दाखवत सरांनी त्यांच्या गुजरातीत विचारलं.

“पेटीमा चावी कोन ठेवस?” बाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

चावी मिळाली. दार उघडलं. हंडा हातात आला. जयश्रीच्या जिवात जीव आला, पण तो तेवढ्यापुरताच. बाहेर पडायला माणूस दाराशी गेला आणि पाटी आली, ‘कुलूप आहे.’ पुन्हा गेला, पुन्हा तीच पाटी. सरांनी पिशवी उघडून पाहिली. चावी नव्हती.

असणार कुठून? जयश्रीला आपली ती ओळ आठवली: दार उघडलं की चावी खिळ्याला. सचिन गावचं घडीकामाचं टेबल तिला आत्ताच दिसायला लागलं.

प्रमिलाबाई मात्र ढिम्म. चाळीत कुणी चुकून बाहेरून कुलूप लावून गेलं, तर आतल्याने शेजारची भिंत तीनदा ठोकायची, ही तिथली रीत. बाईंनी भिंतीवर नेम धरून तीनदा बटण दाबलं आणि वाट पाहिली.

“तुनी भिंत बहिरी शे का वं, जयू?”

सर हळहळले. खेळ संपला असं म्हणत त्यांनी रजिस्टर ओढलं. बाई काही उठेनात.

“माले आतमा कोंडीसन कोठे चालनात, सर? पहिले बाहेर काढा.”

सरांना हसू आवरेना. चहा पिऊन येतो, म्हणाले, दहा मिनिटं देतो, मग मात्र ऐकणार नाही.

उपाय सोपा होता. चावी खिळ्याला लावायची ओळ खोडली की चावी पिशवीत राहणार आणि माणूस बाहेर येणार. जयश्रीने ती ओळ निवडली.

“काय करी राहिनी?” बाईंनी विचारलं. जयश्रीने सांगितल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. “चावी खिळाले नको? मंग बाकीना लोके घरमा कशा येतीन?”

जयश्रीचा हात थांबला. मावशीचं म्हणणं खरंच होतं. तिने ओळ तशीच ठेवली आणि भिंतीची चौकट निवडली. जर भिंतीला तीनदा हात लागला, तर शेजारीण चावी घेऊन येईल, दार उघडेल आणि चावी परत नेईल. सरांची चप्पल जिन्यात वाजली तेव्हा ती शेवटचं बटण दाबत होती.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चावी, दार, हंडा, भिंत. तीनदा ठोकताच पडद्यावरची शेजारीण तुरुतुरु आली. हंडा नळाखाली लागला आणि भरलासुद्धा. “आते कसं,” एवढंच बाई म्हणाल्या.

सरांनी खेळ स्वतः एकदा खेळून पाहिला. मग खिशातून लाल दोरीची एक चावी काढून जयश्रीच्या हातावर ठेवली. “सोमवारथी सवारनी बॅच तमारी. सकाळी आठ वाजता क्लास तुम्ही उघडायचा.”

घरी येईपर्यंत जयश्रीने मूठ सोडली नाही. चाळीच्या तोंडाशी प्रमिलाबाईंनी सवयीने हात पुढे केला.

“दे, खिळाले टांगी देस.”

वीस वर्षांत या हातावर चावी ठेवायला जयश्रीने कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. आज मात्र मूठ उघडेना.

“ही नको, मावशी,” ती हळूच म्हणाली. “ही माझी एकटीची आहे.”

आता बाईंचं तोंड सुटणार, असं जयश्रीला वाटलं. पण बाईंनी तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि घट्ट दाबून बंद केली.

“मंग सांभाळ,” म्हणाल्या, आणि लोटूला सांगायला स्वतःच पुढे निघाल्या.