थोरलीचं शटल

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी मत्सरी आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार शहाण्यासारख्या बोलतात. मला ते जमायचं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला माणसांत आणलं ते येसाजीरावांनी. म्हैसूरच्या शिवरामपेटेत त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं आणि विठ्ठलाच्या तसबिरीखाली माझी जागा होती. शाळेचे गणवेश, लग्नाचे कोट, दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या वाजंत्र्यांचे लाल अंगरखे, सगळं माझ्याच सुईखालून गेलं. गिऱ्हाईक शिवण उलटून बघायचं आणि मान डोलवायचं. मी फुगून जायची.

१९६४ साली दुकानात दुसरी मशीन आली. माझ्याच कंपनीची, माझ्याच मापाची, पण चकचकीत काळी आणि अंगभर सोनेरी वेलबुट्टी. सगळे तिला धाकटी म्हणू लागले, तशी मी थोरली झाले. ती दुकानासाठी नव्हतीच. येसाजीरावांची विधवा बहीण भागीरथीबाई हिला अरबी समुद्रातल्या एका लहानशा बेटावर मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी मिळाली होती. त्या बेटांना आज लक्षद्वीप म्हणतात. मशीन बाईंनी आपली आणायची होती. ऑगस्टमध्ये तपासणीला साहेब येतील तेव्हा वर्ग चालू दिसला पाहिजे, नाहीतर जागा रद्द. भावाच्या घरी भाकऱ्या थापत दहा वर्षं काढलेल्या भागीरथीबाईला मिळालेली ती पहिलीच संधी होती.

पण समुद्र बघायला कोण जाणार? धाकटी! पंधरा वर्षं राबले मी, आणि बोट तिच्या नशिबात. तिच्या वेलबुट्टीकडे बघून माझा नुसता तिळपापड व्हायचा.

एप्रिलअखेर भागीरथीबाई मंगळूरहून गलबताने बेटावर जायला निघाली.

"अण्णा, मशीन मी बरोबरच नेते की," ती म्हणाली. "मागनं कशाला पाठवायची?"

"आय्यो, नवी वस्तू अशी कशी उंबऱ्याबाहेर काढायची गं? अक्षय्य तृतीया येऊ दे. स्वल्प थांबलं तर काय होतं?"

थोरल्या भावापुढे ती काय बोलणार? ती एकटीच गेली. त्या वर्षी अक्षय्य तृतीया चौदा मेला आली. धाकटीला हळदकुंकू लागलं, हार पडला आणि ती थाटात लॉरीत चढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मंगळूरच्या बंदरात पोहोचली, तर गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. कायदाच तसा आहे. पंधरा मेपासून पंधरा सप्टेंबरपर्यंत लहान गलबतांनी बेटांकडे जायचं नाही. येसाजीरावांनी मुहूर्त पाहिला होता, बंदराची तारीख कोणीच पाहिली नव्हती. धाकटी एका गोदामात जाऊन पडली. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला इतका आनंद झाला की त्या दिवशी माझा एकही टाका सुटला नाही.

जुलैत सरकारी बोटीच्या टपालाने भागीरथीबाईचं पत्र आलं. येसाजीरावांनी ते माझ्याच फळीवर ठेवून मोठ्याने वाचलं. "अण्णा, वीस मुली रोज सुईदोरा घेऊन बसतात आणि विचारतात, मशीन कधी येणार? मी समुद्राकडं बोट दाखवते. साहेब ऑगस्टात येणार आहेत. अण्णा, मला परत यायचं नाही. एवढं बघ."

येसाजीराव त्या दिवशी जेवले नाहीत. मंगळूरला जाऊन त्यांनी धाकटीचं पाट-पायडल तिथेच ठेवलं आणि नुसती वरची मशीन घरी आणली. खाऱ्या हवेने तिचं पार वाटोळं झालं होतं. तेल घालून घालून सगळं सुटलं, पण पोटातलं शटल, खालचा दोरा धरून फिरणारा तो लहानसा लोखंडी तुकडा, गंजून गेलं होतं. त्या मापाचं शटल म्हैसुरात मिळेना. मागवायला दोन महिने लागणार होते. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"थोरले, रागावू नकोस," ते हळूच म्हणाले.

माझं झाकण उघडून त्यांनी शटल काढलं आणि धाकटीच्या पोटात बसवलं. सवतीसाठी कोणी आपलं काळीज काढून देतं का? मी दिलं नाही मित्रांनो, माझ्याकडून घेतलं.

येसाजीराव मशीन घेऊन कोचीला गेले. पावसाळ्यात बेटांकडे जाणारी सरकारी बोट तिथूनच सुटायची. परत आल्यावर शेजारचे शिंपी खंडोजीराव यांना त्यांनी सारी हकीकत सांगितली.

"सरकारी बोट तांदूळ आणि औषधांनी भरलेली. शेजारी एवढं मोठं परदेशी जहाज, अर्धं रिकामं, त्याच बाजूनं जाणार. कप्तान तयार होता हो! पण अधिकारी म्हणाला, आपल्या एका बंदराचा माल आपल्याच दुसऱ्या बंदराला न्यायला जहाज आपलंच पाहिजे. परक्याला खास परवाना लागतो."

"बरोबर आहे, अल्वा? हो की नाही? आपल्या खलाशांना पोटं आहेत."

"बरोबर आहे. गलबतांची बंदीही बरोबर, माणसं बुडतात. पण बेटावरच्यांनी एन माडोदु, काय करायचं? दुसरा रस्ता कुठं आहे त्यांना?"

शेवटी बेटावरच्या दवाखान्यात निघालेली वरलक्ष्मी नावाची एक नर्स येसाजीरावांना कोचीच्या धक्क्यावर भेटली. हातात मावेल तेवढं सामान उतारूला नेता येत होतं. तिने धाकटीला मांडीवर घेतलं. मांडीवर बसून गेली हो, मांडीवर! तपासणीच्या दिवशी शाळेच्या बाकावर मशीन होती, मुली आळीपाळीने हाताने चाक फिरवत होत्या, आणि साहेबांच्या हातात एक सरळ शिवलेला झगा होता. भागीरथीबाईची नोकरी टिकली.

माझी मात्र गेली. दुकानात विजेची मशीन आली, माझं शटल मागवायचं राहून गेलं आणि माझ्या पाठीवर इस्त्री बसली. एकोणीस वर्षं मला कोणी तेलाचा थेंब दिला नाही. मी धाकटीवर जळत होते, पण त्याहून जास्त जळत होते माझ्याच शटलवर. माझ्या पोटातली वस्तू समुद्र बघत होती आणि मी इस्त्रीचे चटके सोसत होते.

१९८३ साली भागीरथीबाई निवृत्त होऊन परत आली, तो आयुधपूजेचा दिवस होता. आमच्या म्हैसुरात त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात. रीत म्हणून मलाही एक हार मिळाला होता. भागीरथीबाईने पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली.

"धाकटीला नवं मिळालं. ती तिथंच शाळेत आहे. हे थोरलीचं, थोरलीला."

तिने मला उघडलं, पुसलं, तेल दिलं, शटल बसवलं आणि स्टूल पुढे ओढलं.

म्हातारे येसाजीराव गडबडले. "आज नको गं. उद्या विजयादशमी, चांगला मुहूर्त आहे."

"मुहूर्त बेडा, अण्णा. नको मला आता मुहूर्त."

येसाजीरावांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने माझ्या चाकावरचा हार काढून घेतला.

मी शिवू लागले. मित्रांनो, तुमच्यातलेच कोणी उद्या कायदे करतील, कोणी तारखा ठरवतील. तेव्हा चहूबाजूंनी पाणी असलेल्या माणसांना आधी विचारा. आणि घरातल्या जुन्या मशीनला वेळच्या वेळी तेल द्या, ती मत्सरी असली तरी.

त्या पहिल्या शिवणीतच मी शटलला विचारलं, "कसा होता रे समुद्र?"

"मला कुठला दिसायला?" ते म्हणालं. "मी तर पोटातच. वर्षातून एकदाच उजेड दिसायचा. नव्या मुली आल्या की बाई मला बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवायच्या आणि सांगायच्या, हे माझ्या थोरलीचं."