विषयांचा निवाडा, खोड्याच्या तोंडून

खोडा म्हणजे उपचार होईपर्यंत जनावर स्थिर उभे राहावे म्हणून रोवलेली लोखंडी नळ्यांची चौकट. विंझरच्या जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणात उभा आहे तो मी. आणि आज मी संतापून बोलतो आहे.

कापूरहोळला माझे सांधे जुळले. टेम्पोतून इथे आलो तेव्हा अंगावर निळा रंग होता. आता गंज आहे. कुणी माझ्यावर ओली घोंगडी वाळत घालतो, कुणी पानाची पिंक टाकतो. तेही सोसले. पण माझ्याभोवती जमून लोक दुसऱ्याच्या लेकराचे आयुष्य ठरवू लागतात, ते सोसवत नाही.

दहावीचा निकाल नुकताच लागला होता. धनाजी म्हैस तपासायला घेऊन आला. कासरा त्याच्या लेकीच्या, स्नेहलच्या हाती. डॉक्टर गायत्रीबाईंनी हातमोजा चढवला, आणि शेजारच्या चिमाजीनानांनी तोंड उघडले.

"पोरीला कुठं घालतोस रं?"

"सायन्सला. ढोराची डॉक्टर व्हनार म्हनतीया."

"मग जीवशास्त्र कशापायी? ते मानसाच्या डॉक्टराला. त्याच्या जागी दुग्धव्यवसाय घे. ढोराचं काम, ढोराचाच इषय! मार्क बी लई पडत्यात."

धनाजीने मान डोलावली. जनावराला हृदय नसते? यकृत नसते? माझ्या नळ्या उन्हावाचून तापल्या.

म्हशीमागून बाई म्हणाल्या, "नाना, पशुवैद्यकाच्या पदवीला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, तिन्ही लागतात. वर नीटची परीक्षा. जीवशास्त्र सोडलं, की दार बंद."

"ऱ्हाऊ द्या बाई. आमी बी लई कालेजं बघितल्यात."

"व्हय, यष्टीच्या खिडकीतनं," स्नेहल पुटपुटली.

"गप गं!" धनाजी खेकसला. "उद्या नाना म्हनत्यात तेच इषय घालायचे."

कासरा माझ्या नळीला गुंडाळून स्नेहल बापासमोर उभी राहिली.

"अण्णा, रेडकू आडवं आलं, तवा तुमी कुणाला बोलावलं? नानास्नी का मॅडमला?"

"मॅडमला."

"मग माझ्या शिक्षणाचं नानास्नी का इचारताय? म्या जीवशास्त्रच घेनार. न्हाईतर कालेजात नावच घालू नका."

धनाजीने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग खाली मान घालून म्हणाला, "घे बाई. जीवशास्त्र घे."

आता ती अकरावीत आहे. सकाळी नसरापूरच्या यष्टीची वाट पाहत उभी असते. पुढची वाट खडतर आहे, पण निदान बंद नाही.

गावात मात्र भलतीच कथा फिरते: म्हशीने नानांना लाथ हाणली, आणि सगळे शुद्धीवर आले. नाना स्वतःही ती हसत हसत सांगतात. धादांत असत्य! म्हैस माझ्यात निवांत रवंथ करत होती. एका मुलीने प्रश्न विचारला आणि बापाने तिचे ऐकले, एवढेच घडले. जनावराच्या लाथेला जे श्रेय तुम्ही खुशाल देता, ते मुलीच्या शब्दाला देताना तुमची जीभ का अडखळते?