छपरावरचा अंगठा

अंगठा उमटला होता. इंजिनाच्या छपरावर, ड्रायव्हर उभा राहतो त्या केबिनच्या बरोबर वर, ओला हिरवा रंग रात्रीतून बाजूला सरकला होता आणि खालचं पितळ रेघारेघांनी वर आलं होतं.

नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं लोकांचे अंगठे घेतलेल्या बाईला अंगठा ओळखायला भिंग लागत नाही. कचेरीत तिला सगळे अंगठेबाईच म्हणत. समोरच्याचा अंगठा धरायचा, पॅडवर टेकवायचा, कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवायचा आणि पुसायला चिंधी पुढे करायची. "जोर मी देते, तुम्ही हात सैल सोडा," हे वाक्य ती दिवसातून पन्नासदा तरी म्हणत असे.

इंजिन दोन वितींचं होतं. तिचा नवरा टपालखात्यात पत्रं वेगळी करायचा आणि घरी आला की पितळेचा पत्रा कापत बसायचा. अकरा वर्षांत त्याने हे इंजिन उभं केलं होतं. शिट्टी, चाकांच्या दांड्या, पाठीमागच्या शिडीच्या सात पायऱ्या, सगळं हाताने डाख देऊन जोडलेलं. रंग तेवढा दिला नव्हता.

"रंगवणार कधी?" ती विचारायची.

"रंगवायचंय गं. पण बिघडलं तर?"

गेल्या वर्षी एकदा ती कावून म्हणाली होती, "मग असं करा, मी गेल्यावर रंगवा निवांत!" तो हसला होता. पाच महिन्यांपूर्वी तोच गेला, आणि ते वाक्य तिला सलत राहिलं. म्हणून तिने परवा त्याची वही उघडली, त्यात लिहिल्याप्रमाणे इंजिन साबणाच्या पाण्याने धुतलं, वाळवलं आणि काल त्याच्याच फवाऱ्याने, त्यानेच कालवून ठेवलेल्या बाटलीतला हिरवा रंग दिला.

"आई, रडतेस काय?" मुलगी डबा द्यायला आली होती, ती दारातच थबकली.

"बघ. तुझ्या बाबांचा अंगठा."

मुलगी टेबलाशी आली, वाकली, आणि तिने तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "आता हे असंच ठेवायचं. कपाटात, काचेत. कुणाला हात लावू देऊ नकोस."

तेवढ्यात घड्याळवाले आले. हे नवऱ्याचे जुने मित्र. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती आणि तिथे चार म्हाताऱ्यांनी मिळून छोट्या गाड्यांची मोठी रेल्वे मांडली होती. रविवारी ती लोकांना पहिल्यांदा दाखवायची होती. त्या रेल्वेच्या शेडमध्ये एक रूळ या इंजिनासाठी चार वर्षं रिकामा राखलेला होता. इंजिन रविवारी तिथे उभं करीन, असा शब्द अंगठेबाईने दिला होता. आज बुधवार.

घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"वहिनी, हे धुवावं लागणार."

"काका!" मुलगी म्हणाली. "बाबांचा अंगठा आहे तो."

"कुणाचा का असेना, आहे तेलकट. रंगाने तिथे पकड घेतलेली नाही. इंजिन चाललं, हादरलं, की पापुद्रा सुटणार. आज छप्पर, उद्या सगळं अंग. हे असं रुळावर नाही ठेवता येणार."

"मग नका ठेवू रुळावर!"

"अगं, अकरा वर्षं खपला तो याच्यासाठी. कपाटात बसवायला?"

अंगठेबाईने बाटली खिडकीत धरली. रंग बोटभर उरला होता. बाटलीवर नवऱ्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'नीट जमलाय. पुन्हा असा जमेल असं वाटत नाही.'

"एकदा पुरेल," घड्याळवाले म्हणाले. "दुसऱ्यांदा चुकायची सोय नाही. बोला काय ते."

"जरा थांबा," ती म्हणाली आणि आतून घराचं खरेदीखत घेऊन आली. ते तिच्याच कचेरीत, तिच्याच टेबलावर झालेलं होतं. त्या दिवशी नवऱ्याच्या तळहाताला घाम सुटला होता. "जोर मी देते," ती म्हणाली, तेव्हा तो "घरीपण तूच देतेस" असं पुटपुटला आणि अख्खी कचेरी हसली होती. धुवायचंच असेल, तर निदान दोन्ही अंगठे शेजारी ठेवून एकदा बघून घ्यावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

तिने कागद इंजिनाशेजारी धरला. मग घड्याळवाल्यांचं भिंग मागून घेतलं. मग खुर्चीत बसली आणि तिला हसू फुटलं.

"आई?"

"यांचं चक्र होतं गं. हा बघ, गोल गोल. आणि छपरावरचा शंख आहे. मधून आडवी चीर गेलीय, दिसली?" तिने आपला डावा अंगठा उचलून दाखवला. त्यावर जुन्या जखमेचा पांढरा व्रण होता. "हा माझा अंगठा आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे घेतले आणि स्वतःचा ओळखला नाही!"

"उघड्या हाताने धरलंत?" घड्याळवाले जवळजवळ ओरडलेच. "वहीत ठळक लिहिलंय त्याने, धुतल्यावर हातमोज्यांशिवाय शिवू नये!"

"वाचलं होतं हो. पण अकरा वर्षांत मला हात लावू दिला नव्हता त्यांनी. धुऊन असं लखलखलं, तर एकदाच उचलून खिडकीत नेलं."

घड्याळवाल्यांनी भिंग परत घेऊन खिशात टाकलं.

"म्हणजे बाबांचा कुठेच नाही?" मुलीचा चेहरा पडला.

"ती शिडी बघ. खालून तिसरी पायरी."

"वाकडी आहे."

"ती डाखताना वीज गेली होती. मला किती बोलले! जसं काही मीच स्वयंपाकघरातून वीज बंद केली."

मुलगी डोळे पुसता पुसता हसली. त्या पायरीवर तिने बोट ठेवायला हात नेला आणि घाईने मागे घेतला.

घड्याळवाल्यांनी ट्रेमध्ये थिनर ओतलं. इंजिन त्यात बुडवलं. थोड्या वेळाने हिरवा रंग सालीसारखा सुटायला लागला, मऊ ब्रशने निघून गेला आणि अर्ध्या तासात पितळ पुन्हा जसंच्या तसं झालं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

"म्हणजे बिघडलं असतं तरी..."

"धुऊन टाकायचं. पुन्हा द्यायचा."

"यांना माहीत होतं हे?"

"वहिनी, आम्हाला सगळ्यांना शिकवलं कुणी?"

ती ट्रेमधल्या गढूळ हिरव्याकडे बघत राहिली.

"आता मी देऊ का रंग?" घड्याळवाल्यांनी हळूच विचारलं. "उरलाय थोडाच."

"नको, भाऊजी. मोजे द्या."

गुरुवारी सकाळी तिने खिडकीशी टेबल ओढलं. फवारा उचलला तो मूठ आवळूनच. मुलगी मागे उभी होती, तिला ऐकू आलं, आई स्वतःशीच पुटपुटत होती, "हात सैल सोड. सैल सोड." मग फवारा सुरू झाला. इंजिनाच्या अलीकडून सुरू करायचा, पलीकडे जाऊन थांबवायचा. वहीत होतं तसं. शेवटची फेरी छपरावर संपली आणि फवाऱ्याने नुसती हवा सोडली.

शुक्रवारी चाकांचा काळा रंग, कडेची लाल रेघ. रेघ एका जागी केसभर जाड झाली. ती तिने तशीच ठेवली. शनिवारी वॉर्निश.

रविवारी दुकानावरच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. हिरवं इंजिन शेडमधून निघालं, पुलावरून गेलं, बोगद्यात शिरलं. घड्याळवाल्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावर मोठी वही उघडली. प्रत्येक इंजिनाची तिच्यात नोंद होती. 'बांधणी' खाली नवऱ्याचं नाव लिहून झालेलं होतं. 'रंगकाम' कोरं होतं.

"सही करा, वहिनी."

तिने सही केली. मग म्हणाली, "तुमच्या पावतीच्या शिक्क्याचं पॅड आहे ना?"

"आहे. पण सही चालते हो आमच्याकडे."

"चालते. पण छपरावरचा धुतला ना, इथे एक राहू दे."

तिने आपला डावा अंगठा पॅडवर टेकवला आणि सहीशेजारी या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवला. शंख, मधली चीर, सगळं नीट आलं. मग सवयीने पर्समधली चिंधी काढून तिने टेबलापलीकडे धरली. पलीकडे कुणी नव्हतं. नंतर तिने हात मागे घेतला आणि स्वतःचा अंगठा पुसला. चिंधी नवऱ्याच्या टेबलावरची होती, ती हिरव्या डागांनी भरलेली होती. त्यांच्यात आता एक काळा डाग पडला.

"आलं, आलं!" कुणीतरी म्हणालं. ती चिंधीची घडी घालत बोगद्याकडे वळली.