शिंक्यातला नारळ

"नारळ ठेवताना शेंडी देवाकडे असावी, चारू. आपण देवाकडे पाठ करून बसतो का?"

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी नारळ हातात आला की चारुलताबाईंच्या कानात हे वाक्य उमटायचं आणि हात आपसूक वळायचा. त्या सोमवारीही तसंच झालं. महाल भागातल्या मुलींच्या शाळेत, एका रिकाम्या वर्गात, छताच्या कडीला त्यांनी घरून आणलेलं शिंकं टांगलं. त्यात नारळ बसवला, सुतळीनं आवळला. समोरच्या भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती. नारळाची झुबकेदार शेंडी तिच्याकडे केली, हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडले.

त्याच भिंतीशी बाकावर एक पाटा उभा करून पक्का बांधला होता. गृहशास्त्राच्या खोलीतला, मिरच्या वाटायचा. शिंकं मोकळं सोडलं की नारळ पाट्याला जेमतेम टेकायचा.

"हे काय चालून राहिलं बाई?" शिपाई शालिकराम दारात उभा राहून बघत होता. "नारळ फोडायचाच हाय तं मले सांगा. मी फोडतो."

"गोपिका फोडणार आहे. साहेबांसमोर."

शालिकरामचा चेहरा उतरला. "पोरीच्या हातून? आपल्यात बाईमाणूस नारळ फोडत नाही बाई. तुम्ही सोमवार करता, तुम्हाले मी काय सांगू?"

हा प्रश्न बाईंनी स्वतःला कालपासून विचारला होता. त्या हळूच म्हणाल्या, "फोडणार पाटा, शालिकराम. ती नुसता सोडणार."

शालिकरामनं विचार केला. "मंग ठीक हाय. पाट्याले काही पाप लागत नाही."

बांगलादेशच्या लढाईनंतरचं ते वर्ष. शाळेत मुलींना वरच्या वर्गात गृहशास्त्र घ्यावं लागे, विज्ञान नव्हतंच. वर्ग नाही म्हणून उपकरणं मिळत नव्हती आणि उपकरणं नाहीत म्हणून वर्ग मिळत नव्हता. शेवटी मुख्याध्यापिका मीराबाईंनी खटपट करून तपासणीच्या साहेबांना यायला लावलं होतं. ते चारुलताबाईंचा एक पाठ बघणार आणि विज्ञानाचा वर्ग द्यायचा की नाही ते ठरवणार. पाठ कोणता, तर संवेग आणि आवेग, म्हणजे धावती वस्तू थांबताना तिला बसणारा फटका. पुस्तकात त्यासाठी चाकांच्या गाड्या आणि स्प्रिंगा होत्या. शाळेत होता पाटा.

वर्ग निघाला तर सगळ्याच मुलींचं भलं होतं. पण गोपिकेचं सगळंच त्यावर होतं. तिचे वडील रुपराव तांडापेठेत हातमागावर लुगडी विणायचे. त्यांनी साफ सांगून टाकलं होतं, "पोट्ट्यांच्या शाळेत मी पोरीले धाडत नाही. ह्याच शाळेत वर्ग निघाला तं शिकन, नाही तं मागावर बसन." गोपिकेला मागाचा कंटाळा नव्हता. सुताच्या कांड्या भरता भरता ती गणितं सोडवायची. पण तिला पुढचं शिकायचं होतं आणि हे तिनं बाईंना सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. एखाद्यानं आपलं गाव सांगावं तसं तिनं सांगितलं होतं.

साहेब आले. उंच, घामाघूम, पुण्याकडचे. खुर्चीत बसून त्यांनी शिंक्याकडे पाहिलं. "हे काय, लोणी ठेवलंय की काय?"

मुली खुदकन हसल्या. गोपिका हसली नाही. तिनं शिंकं मागे ओढत नेऊन कपाटावरच्या खडूच्या रेघेला टेकवलं.

"साहेब, दर वेळी मी इथूनच सोडीन. म्हणजे खाली येईपर्यंत वेग तोच. नारळ तोच, म्हणून वस्तुमान तेच. मग संवेगही तोच. आता बघा."

पहिल्यांदा पाट्यापुढे कापसाची उशी बांधली होती. नारळ झोका घेत आला, उशीत रुतला, मागे फिरला. त्याला काही झालं नाही.

"उशीनं त्याला हळूहळू थांबवलं. वेळ जास्त, म्हणून बल कमी. आता उशी काढते. पाटा त्याला एकदम थांबवेल. वेळ कमी, म्हणून बल जास्त. नारळ फुटेल."

तिनं उशी काढली. नारळ रेघेपर्यंत नेला, सोडला.

थप्प.

नारळ पाट्यावर आपटला आणि मागे आला. तसाच, अखंड.

गोपिकेनं पुन्हा सोडला. पुन्हा थप्प. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. साहेबांनी रुमालानं मान पुसली. "बाई, तुमचा नारळ भलताच सोशिक दिसतो."

मीराबाईंनी चारुलताबाईंकडे पाहिलं. शनिवारी मुलींनी हाच प्रयोग मातीच्या बोळक्यावर केला होता, तेव्हा पहिल्याच फटक्यात खापऱ्या झाल्या होत्या. नारळावर मात्र चारुलताबाईंनी करू दिला नव्हता. सरस्वतीला दाखवायच्या आधी नारळ फोडून बघायचा, हे त्यांच्यानं झालं नसतं. आता पुढे होऊन काहीतरी सांगावं, सारवासारव करावी, असं वाटलं. त्या अर्ध्या उठल्याही. पण गोपिका त्यांच्याकडे बघत नव्हती. ती नारळाजवळ वाकून उभी होती. तिनं शेंडी दोन बोटांत धरून दाबली. सोडली. पुन्हा दाबली.

बाई खाली बसल्या.

"साहेब," गोपिका म्हणाली, "पाठ चुकला नाही. म्या मांडला तो चुकला." घाईत घरची बोली तोंडात आली, तिनं सावरलं नाही. "उशी काढली म्हटलं, पण दुसरी उशी तशीच राहिली. ही शेंडी. पाट्याच्या बाजूनं हाय. नारळ आला की आधी शेंडी दबते. ती दबते तेवढा वेळ नारळाले थांबायले मिळते. संवेग तेवढाच गेला, पण सावकाश गेला. म्हणून वाचला."

"पण शेंडी त्या बाजूला केलीच कशाला?"

गोपिकेला कारण माहीत होतं. तिच्या घरीही नारळ तसाच ठेवत. पण बाईंचं नाव कसं घ्यायचं?

"मी केली," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "त्या भिंतीवर सरस्वती आहे. शेंडी देवीकडे ठेवायची आमची रीत."

साहेबांनी तसबिरीकडे पाहिलं, मग पाट्याकडे. ते हसले नाहीत. "असं. मग पोरी, तू म्हणतेस ते खरं की नुसती सबब, हे कसं कळायचं?"

"नारळ फिरवून," गोपिका म्हणाली आणि तिनं पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं.

हळद-कुंकू वाहिलेला नारळ. त्याची देवीकडे पाठ करायची, आणि फोडणार मुलीची जात. दारातून शालिकरामही बघत होता. बाईंनी तसबिरीकडे नजर टाकली. सरस्वतीच्या हातात पोथी होती. पोथी हाती धरणारीला एका मुलीचा प्रश्न कसा खुपेल?

"फिरव," त्या म्हणाल्या. "घट्ट बांध."

गोपिकेनं सुतळी सोडली, नारळ उलटा केला, गाठ आवळली. रेघेपर्यंत नेला. ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कडाड असा कोरडा आवाज झाला. शिंक्यातून पाणी उडालं आणि थेट साहेबांच्या बुटांवर पडलं.

मग साहेबांनी बूट झटकले आणि म्हणाले, "पटलं." ते मीराबाईंकडे वळले. "पाठ ठरल्यासारखा झाला असता तर मला घोकंपट्टीचा संशय आला असता. फसलेला प्रयोग समजावून सांगणारी विद्यार्थिनी मी मुलांच्या शाळांतही फारशी पाहिली नाही. जूनपासून वर्ग सुरू करा. मंजुरीचं माझ्याकडे लागलं."

शालिकराम पुढे आला, भकलं गोळा केली आणि खोबऱ्याचे तुकडे करून वाटू लागला. साहेबांनीही हात पुढे केला. "घ्या साहेब, परसाद हाय," शालिकराम म्हणाला. "आमच्या पोरीनं फोडलेला." सकाळचा त्याचा आक्षेप कुठे गेला, कुणी विचारलं नाही.

चारुलताबाई एका कडेला उभ्या होत्या. आपल्या हातून झालेल्या चुकीची त्यांना लाज वाटायला हवी होती. पण ऊर कसा भरून आला होता. आपण शिकवलं त्याच्या पुढचं मुलीनं आपल्यादेखत शोधून काढलं. एवढं सुख त्यांच्या इतक्या वर्षांच्या सोमवारांनी कधी मागितलंही नव्हतं.

शाळा सुटल्यावर गोपिका पाटा धुवत बसली होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"काय झालं गं?"

"बाई, वर्ग निघाला हे म्या घरी सांगितलं तं बाबा मानन. पण मोठे काका आले हायेत गावाहून. ते म्हणतात, पोरी अशाच बाता मारतात. उद्या सकाळी माझं मागावर बसायचं पक्कं करून ते जातीन."

"मी येते. मी सांगेन त्यांना."

"कधी?"

"आज."

"आज तुमचा सोमवार हाय. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही. दिवेलागणीला पूजा करून मगच तुम्ही जेवता."

"पूजा थोडी उशिरा होईल," बाई म्हणाल्या. "तू पुढे हो. मला सोबत नेलंस तर काका म्हणतील, बाईला पढवून आणली."

गोपिका गेली. बाईंनी शिंकं सोडून पिशवीत ठेवलं, तसबिरीला नमस्कार केला. फाटकाशी शालिकराम त्यांच्यासाठी सीताबर्डीकडचा रिक्षा थांबवून उभा होता. त्यांनी मानेनंच नको म्हटलं, पदर खांद्यावर नीट घेतला आणि धंतोलीचा, घरचा रस्ता सोडून उन्हात तांडापेठेच्या दिशेनं चालू लागल्या.