चारशे बारा ओळींतली एक

नानांच्या कॉम्प्युटरला इंदिरानगरातला एकही दुकानदार हात लावायला तयार नव्हता. सोळा वर्षांचं धूड ते, सुरू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं. "काका, भंगारात घाला," असं तिघांनी तोंडावर सांगून झालं. पण नाना कसले ऐकतात! त्यांनी त्यात लिनक्स घातलं. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, फुकटातली, कुणाच्याच मालकीची नसलेली व्यवस्था. जगभरचे हौशी लोक फावल्या वेळात ती घडवतात आणि जुन्यापान्या यंत्रावरही ती चालते. धूड पळायला लागलं. बायको, गोदावरीबाई, गेल्यापासून घरात तेवढी एकच वस्तू उरली होती, जी दिवसातून चारदा नानांना काहीबाही विचारायची, आणि तेही मराठीत.

मराठीत, कारण ते मराठी नानांचंच होतं. सहा वर्षं ते पडद्यावरच्या इंग्रजी ओळी मराठीत आणत होते. नियम एकच: एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचून मंजूर करायचं. आपलं आपणच मंजूर करून घ्यायची सोय नाही. हे दुसरं माणूस म्हणजे घोटीची सुवर्णा. भेट नाही, फोन नाही. ओळीखाली दोन शब्दांचा शेरा, एवढीच ओळख. पण बाई खमकी! स्वल्पविराम चुकला तरी ओळ परत. कॉम्प्युटर बंद करताना दोन बटणं येतात, त्यांवर नानांनी 'येतो' आणि 'थांबतो' लिहिलं, तेव्हा 'येतो'च्या जागी तिनं 'बाहेर पडा' सुचवलं. नानांनी कळवलं, "घरातून निघताना आपण 'जातो'सुद्धा म्हणत नाही, आणि 'बाहेर पडा' कुठून आलं?" दुसऱ्या दिवशी उत्तर: "पटलं. माझी सासू पण हेच म्हणाली." नाना त्या दिवशी एकटेच हसत बसले आणि चहा दोनदा प्याले.

यंदा उन्हाळ्यापासून मात्र सुवर्णाबाई गप्प. चारशे बारा ओळी खोळंबल्या. लिनक्सची नवी आवृत्ती आठ दिवसांवर आली. तोवर मंजुरी नाही मिळाली तर मराठी भाषांच्या यादीतून जाणार आणि नानांचं यंत्र त्यांच्याशी इंग्रजीत बोलणार. त्यांनी तीन शेरे टाकले. उत्तर नाही. मग त्यांना एक खोडी सुचली. बंद करताना यंत्र "नक्की बंद करायचं?" असं विचारतं, त्या जागी त्यांनी लिहिलं: "सुवर्णाताई, बऱ्या आहात ना?" वाचेल, हसेल, 'नाना, हे काय भलतंच!' म्हणून परत पाठवेल. मग खरं वाक्य टाकू. डोळ्यांत तेल घालून वाचणारी बाई, तिच्या नजरेतून काय सुटतंय!

तरीही शांतता. दोन दिवस उरले तेव्हा नानांनी महामार्ग स्टँडवरून घोटीची बस धरली. बाजारपेठेत तिचं झेरॉक्सचं दुकान आहे, एवढं एका जुन्या शेऱ्यात आलं होतं. विचारत विचारत सापडलं.

"कोण, 'येतो'वाले नाना?" सुवर्णा ताडकन उठली. पदरानं खुर्ची पुसली, चहा सांगितला. चाळिशीची धडधाकट बाई. नानांचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच, का कोण जाणे, त्यांना वाईटही वाटलं. आजारी असती तर निदान गप्प बसायला कारण तरी असतं.

"तीन महिने काही पत्ता नाही तुमचा," नाना म्हणाले.

"राहूनच गेलं बघा. माझा कॉम्प्युटर तर दोन वर्षं झाली, भंगारात दिला. मोबाइलवरूनच मंजूर करायची. खरं सांगू का नाना? मराठीतून ते वापरतं तरी कोण? पण तुम्ही एवढं नेटानं लिहिता, म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा."

"वाचून करायचात ना?"

"पहिलं वाचायची. आता तुमचं काय वाचायचं? बिनचूकच असतं." बोलता बोलता तिनं मोबाइल काढला. "द्या, आत्ताच उरकून टाकते."

सगळ्या ओळी एकदम निवडायचीही सोय असते. तिनं ती वापरली.

"थांबा, त्यात एक ओळ जरा..."

"झालं की नाना!" ती खुशीत म्हणाली.

नानांनी चहाचा कप उचलला. ती ओळ सांगायची तर आपण तीन महिने कसे वाट बघत बसलो होतो, तेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यात आधार कार्डाची झेरॉक्स मागत गिऱ्हाईक आलं. चहा संपवून नाना उठले. "येतो," ते म्हणाले. "या हां," ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली. परतीच्या बसमध्ये नानांना फार एकटं वाटलं, गोदावरीबाई गेल्या त्या आठवड्यासारखं.

दोन दिवसांनी नवी आवृत्ती आली. मराठी शाबूत होती, चारशे बाराच्या चारशे बारा ओळी जागेवर. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायच्या आधी नाना यंत्र बंद करायला गेले, तर पडद्यावर प्रश्न उभा: "सुवर्णाताई, बऱ्या आहात ना?"

ओळ दुरुस्त करायची तर मंजुरीला दुसरं माणूस हवं. आणि नानांखेरीज ते वाचणार तरी कोण होतं?



"बऱ्या आहेत हो," नाना पडद्याला म्हणाले, आणि त्यांनी 'येतो' दाबलं.